किल्ली आत, आपण बाहेर

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण मागे टाकून इंदापूरकडे निघाले की थोड्याच वेळात डाळज लागते. जवळच उजनी धरणाचे पाणी, भोवती उसाचे मळे आणि रस्त्याकडेला चहाच्या टपऱ्या. २०२२ सालच्या एप्रिलमध्ये रोहित पक्षी पाहून पुढे जाताना, ऐन दुपारी, आम्ही येथे एका रसवंतीपाशी मोटार थांबवली. मागच्या आसनावर आमची अडीच वर्षांची भाची होती. तिने रडू नये म्हणून गाडीची किल्ली तिच्या हाती खेळायला दिली होती. आम्ही उतरलो, पुढची दारे लावली आणि तिला घेण्यासाठी मागच्या दाराकडे वळलो. इतक्यात 'खट्' असा आवाज झाला. किल्लीवरचे बटण तिने दाबले होते. चारही दारांना कुलूप लागले. किल्ली आत, भाची आत, आणि आम्ही बाहेर.

अशी फजिती अनेकांच्या वाट्याला येते. एरवी ती हसण्यावारी नेता येते. परंतु आत लहान मूल असेल आणि वर ऊन असेल, तर तिचे स्वरूप बदलते. त्या दुपारी सुचलेल्या प्रत्येक उपायामागे शाळेत शिकवले जाणारे काही ना काही विज्ञान होते. ते येथे क्रमाने पाहू.

कुलूप लागते म्हणजे काय होते?

मोटारीचे दार बंद होते ते खिट्टीमुळे. दारातील आकड्यासारखा भाग चौकटीवरील लोखंडी कडीत अडकतो. बाहेरची मूठ ओढली की एक सळई हा आकडा सोडवते. कुलूप लावल्याने दार अधिक घट्ट होत नाही. फक्त मूठ आणि आकडा यांचा संबंध तुटतो. मूठ हलते, पण तिचे ओढणे आकड्यापर्यंत पोहोचत नाही. 'सेंट्रल लॉकिंग' असलेल्या गाडीत हे काम प्रत्येक दारातील छोटी विद्युत मोटर करते. आम्ही ऐकलेला 'खट्' हा तिचाच आवाज.

मग आतून दार का उघडत नव्हते? बऱ्याच गाड्यांत पुढच्या दाराची आतली मूठ ओढली की कुलूप असूनही दार उघडते. मागच्या दारांना मात्र मुलांनी चालत्या गाडीत ती उघडू नयेत म्हणून वेगळा अटकाव असतो, आणि तो आम्हीच लावला होता. शिवाय पट्ट्यात बसवलेली भाची पुढच्या दारापर्यंत जाऊ शकत नव्हती.

जमलेल्यांपैकी एकाने तार मागवली. जुन्या गाड्यांत काचेच्या खालच्या कडेला कुलपाची खुंटी वर आलेली असे. रबरी पट्टीतून तारेचा फास आत सोडून ती ओढता येई. मेकॅनिक लोक लवचीक पोलादी पट्टी काच आणि रबर यांच्यामधून खाली सारत आणि दारातील सळईच हलवत. नव्या गाड्यांत खुंटी दिसेनाशी झाली आहे, सळईच्या जागी बऱ्याचदा नळीतली तार असते आणि वर पत्र्याचे संरक्षण असते. दारातून विजेच्या ताराही गेलेल्या असतात. आमची तार पाच मिनिटे आत-बाहेर झाली, एवढेच.

दूरध्वनीवरून किल्ली चालेल का?

दुसऱ्याने सुचवले, "घरी फोन लावा. दुसरी किल्ली फोनजवळ धरून बटण दाबायला सांगा, आणि तुमचा फोन दाराला लावा." हा उपाय अनेकांनी ऐकलेला असतो. तो चालत नाही, आणि का चालत नाही हा नववी-दहावीच्या वर्गासाठी उत्तम प्रश्न आहे.

किल्लीतून बाहेर पडतात त्या रेडिओलहरी. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत त्यांची वारंवारता सुमारे ४३३ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला सुमारे ४३ कोटी ३० लाख कंपने इतकी असते. प्रकाशाच्या वेगाला या संख्येने भागल्यास तरंगलांबी सुमारे ७० सेंटिमीटर येते. फोनचा ध्वनिग्राहक मात्र हवेतील दाबाचे चढउतार टिपतो. साध्या दूरध्वनीवरून बोलणे जाते ते सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात. किल्लीची लहर हा आवाज नव्हेच. जो संदेश ध्वनिग्राहकाला ऐकूच येत नाही, तो पलीकडे पोहोचणार कसा?

तो संदेश पकडून पुन्हा वाजवता आला असता तरी फारसा उपयोग नव्हता. पूर्वीच्या काही रिमोट किल्ल्या दर वेळी एकच संकेत पाठवत, त्यामुळे चोराला तो टिपून ठेवता येई. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या एका पद्धतीत दर वेळी संकेत बदलतो. किल्ली आणि गाडी या दोघींजवळ एकच गुप्त संख्या व एकच मोजणी असते. दोघी त्यावरून पुढचा संकेत स्वतंत्रपणे काढतात. वापरलेला संकेत गाडी पुन्हा मानत नाही. बदलता भाग ३२ द्विमान अंकांचा असेल, तर शक्यता होतात २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी.

किल्ली भाचीच्या हाती होतीच. "ते बटण परत दाब," असे आम्ही काचेबाहेरून ओरडून सांगत होतो. आमचे चेहरे पाहून ती घाबरली, रडू लागली आणि किल्ली खाली पडली. दुसरी किल्ली पुण्यात होती, शंभराहून अधिक किलोमीटर दूर.

आत काय घडत होते?

इथे घड्याळाचा प्रश्न येतो. थोडे ढोबळ गणित करू. भरदुपारी सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट इतकी ऊर्जा पडते. समजा, काचांमधून ७०० वॉट आत येतात. म्हणजे आत एक लहानसा हीटरच लावल्यासारखे झाले. गाडीत ३ घनमीटर हवा धरली तर तिचे वस्तुमान सुमारे साडेतीन किलो भरते. ती एक अंशाने तापवायला सुमारे साडेतीन हजार ज्यूल लागतात. केवळ हवाच तापली असती तर दर पाच सेकंदांना एक अंश वाढला असता! प्रत्यक्षात बरीचशी उष्णता आसने, टप आणि पुढचा फळा यांत जाते, काही बाहेर निसटते, म्हणून वाढ सावकाश होते. पण फार सावकाश नव्हे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत उन्हातील बंद गाडीचे तापमान तासाभरात सरासरी सुमारे २२ अंश सेल्सिअसने वाढले, आणि त्यातील सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या खाली ठेवल्याने विशेष फरक पडला नाही.

याचे कारण सांगताना आपण 'काच उष्णता अडवते' असे म्हणतो. काच दृश्य प्रकाश आत सोडते आणि तापलेल्या वस्तूंची दीर्घ अवरक्त प्रारणे अडवते, हे खरेच आहे. परंतु मुख्य कारण निराळे आहे. आर. डब्ल्यू. वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०९ साली दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच बसवली, दुसरीवर अवरक्त प्रारणे जाऊ देणारे सैंधवाचे तावदान. दोन्ही जवळजवळ सारख्याच तापल्या. म्हणजे मोठा वाटा होता तो तापलेली हवा वर निघून न जाण्याचा, अर्थात अभिसरण अडण्याचा.

लहान मुलाला धोका अधिक का? एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ व घनफळ यांचे गुणोत्तर ६ येते, दोन सेंटिमीटरच्या घनाचे ३. आकार लहान, तितका त्याच्या मानाने पृष्ठभाग मोठा. भोवतालची हवा त्वचेहून गरम असेल तर हाच पृष्ठभाग उष्णता आत घेतो. घाम हा एकच मार्ग उरतो, आणि लहान मुलांत तो मोठ्यांइतका प्रभावी नसतो. शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले की उष्माघात होतो.

काच

हे सारे आम्हाला ठाऊक होते. तरीही आम्ही तारेशी खेळत होतो. शेवटी रसवंतीवाले मामा हातोडी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. म्हणाले, "सायेब, काच काय, नवी बसंल. पोर भायेर काढा आधी."

भाची मागे होती, म्हणून त्यांनी पुढची, तिच्यापासून सर्वांत लांबची काच निवडली. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत कठीण केलेल्या असतात. काच ६०० अंशांपेक्षा जास्त तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो. आतला भाग नंतर आकसताना पृष्ठभागाला आवळून धरतो. म्हणून मधोमध बोथट वस्तूचा फटका ती सहन करते. पण कोपऱ्याजवळ अणकुचीदार टोकाने तो आवळलेला थर भेदला, की साठलेला ताण एकदम मोकळा होतो आणि काचेचे बारीक, बोथट तुकडे होतात. समोरची काच मात्र दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर घालून केलेली असते. ती तडकते, पण थर सुटत नाही. तिच्या नादी लागू नये. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही अशा असतात.

एक ठोका पुरला. भाची घामाने भिजली होती, पण शुद्धीवर होती. तिला सावलीत नेऊन पाणी पाजले, अंग ओल्या फडक्याने पुसले.

वर्गासाठी

शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत, ऊन थेट लागणार नाही अशा जागी एक तापमापक ठेवावा आणि दुसरा बाहेर सावलीत. दर पाच मिनिटांनी काचेतून नोंद घेऊन विद्यार्थ्यांनी आलेख काढावा. दुसऱ्या दिवशी काचा चार बोटे खाली ठेवून तेच करावे. सुरुवातीची चढण किती उभी आहे, हे त्यांना स्वतः पाहू द्यावे. सांगून जे पटत नाही, ते आलेख पाहून पटते.

नियम दोनच. किल्ली हे खेळणे नव्हे, ती उतरणाऱ्याच्या खिशात हवी. आणि बंद गाडीत उन्हात मूल अडकले, तर ११२ ला फोन करावा, पण मूल कासावीस दिसू लागले तर कोणाची वाट न पाहता काच फोडावी. डाळजला सारा प्रकार बारा मिनिटांत संपला. त्यातली अकरा मिनिटे आम्ही काच वाचवण्यात घालवली होती.