गारवा पाठीवर नेताना

चैत्र-वैशाखात झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथाच्या दर्शनासाठी कुंडलचा डोंगर सकाळी लवकर चढायला घेतला, तरी उतरेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. जवळच्या सागरेश्वर अभयारण्याची तीच गत. धों. म. मोहिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजाड डोंगरावर झाडं लावली, जगवली आणि १९८५ मध्ये त्या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पण एप्रिलमध्ये पानगळ झालेल्या झाडांखाली सावली विरळच मिळते. हवा ३८-४० अंशांवर जाते. अशा दिवशी पोराबाळांना घेऊन निघायचं तर ताक, दही, द्राक्षं, कुणाचं तरी इन्सुलिन हे सगळं गार कसं ठेवायचं? याच कामासाठी पाठीवर घ्यायच्या इन्सुलेटेड सॅक आता सांगली, मिरज, कराडच्या दुकानांत आणि ऑनलाइन सर्रास मिळतात. बाजारात त्यांना ‘कूलर सॅक’ किंवा ‘कूलर बॅग’ म्हणतात. दिसायला सगळ्या सारख्याच असतात, किमतीत मात्र मोठा फरक असतो. तो फरक कशाचा, आणि आपल्याला त्यातलं किती हवं, हे समजून घेऊन मगच पैसे काढावेत.

ही सॅक काहीही गार करत नाही. ती फक्त बाहेरची उष्णता आत यायला उशीर लावते. धनगराची घोंगडी ऊब तयार करत नाही, अंगातली ऊब धरून ठेवते. सॅक तेच काम उलट्या दिशेने करते. म्हणजे गारवा आपण घरून भरून न्यायचा आणि सॅकने तो राखायचा. कोमट ताक आणि चार बर्फाचे खडे टाकून ‘होईल गार’ म्हणणाऱ्याच्या पदरी दुपारी कोमट ताकच पडतं.

पूर्वी ट्रकच्या आणि जीपच्या पुढे कॅनव्हासची छागल लटकलेली असायची. तिचं तत्त्व वेगळं. तिच्या कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. म्हणून ती बर्फाशिवाय पाणी गार करायची. पण त्यासाठी हवा कोरडी लागते. सांगलीच्या एप्रिलमध्ये छागल छान चालते, पावसाळी चांदोलीत ती जवळजवळ निरुपयोगी. कूलर सॅकला हवेच्या कोरडेपणाशी देणंघेणं नाही, पण ती बर्फावाचून चालत नाही.

उष्णता आत शिरते कुठून? मुख्यतः भिंतींतून. कापड आणि अस्तर यांच्यामध्ये फोम असतो. फोममधल्या असंख्य बारीक पोकळ्यांत हवा अडकून पडते आणि अडकलेली हवा उष्णता फार हळू पुढे ढकलते. बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात झाकून ठेवतात तेही याच कारणाने. १८३३ मध्ये ‘टस्कनी’ नावाचं जहाज बॉस्टनहून १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी विषुववृत्त ओलांडून कलकत्त्याला पोचलं, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. एवढा बर्फ टिकला त्याला जाड आवरण कारण होतं, आणि बर्फाचा ढीग प्रचंड होता हेही. मोठ्या ढिगाचा फार थोडा भाग बाहेरच्या बाजूला येतो, लहान तुकडा मात्र सगळ्या अंगाने उघडा पडतो. सॅकच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवावं.

आतलं चंदेरी अस्तर पाहून ग्राहक भुलतो. चकचकीत पृष्ठभाग उष्णतेचे किरण परतवतो हे खरं, पण त्यासाठी त्याच्यासमोर हवेची फट लागते. डबा अस्तराला टेकला की उष्णता सरळ त्यातून आत जाते. त्यामुळे अस्तराचा मुख्य उपयोग पाणी न झिरपू देणं आणि पुसून स्वच्छ करता येणं हा आहे. गारव्यासाठी पैसे मोजायचे ते फोमच्या जाडीला.

जाडीने किती फरक पडतो, याचा ढोबळ हिशेब करून पाहू. साधारण २० लिटरची सॅक घ्या. तिच्या सहाही बाजू मिळून जवळपास अर्धा चौरस मीटर क्षेत्रफळ होतं. बाहेर सावलीत ३५ अंश, आत ५ अंश. फोम १ सेंटीमीटरचा असेल, तर आत येणारी उष्णता तासाला साधारण ३०० ग्रॅम बर्फ वितळवते. फोम ५ मिलिमीटरचाच असेल, तर साडेचारशे ग्रॅम. २ सेंटीमीटरचा असेल, तर दोनशेच्या आसपास. सहा तासांच्या सहलीसाठी हे आकडे अनुक्रमे पावणेदोन ते दोन किलो, पावणेतीन किलो आणि सव्वा किलो बर्फ असे होतात. उघडझाक आणि कडक ऊन यांची भर वेगळी.

हे सगळं ओझं आपल्याच पाठीवर येणार आहे, म्हणून हा हिशेब महत्त्वाचा. पातळ सॅक हलकी आणि स्वस्त असते, पण बर्फ जास्त मागते. जाड सॅकचं स्वतःचं वजन अधिक, तरी लांबच्या दिवसाला ती बर्फात ते भरून काढते. माझं मत असं, की सकाळी जाऊन दुपारच्या आत परतायचं असेल तर पातळ फोमवरही भागतं. दिवसभराची वाट असेल तर १ सेंटीमीटरच्या खाली जाऊ नये. मुक्कामाच्या ट्रेकला मात्र पाठीवरच्या कूलरचा नाद सोडावा. दोन दिवस पुरेल एवढा बर्फ वाहून नेणं अंगाला सोसत नाही.

आता गारवा भरण्याची गोष्ट. इथे पलूस-तासगावच्या द्राक्ष बागायतदारांकडून शिकण्यासारखं खूप आहे. निर्यातीची द्राक्षं सकाळच्या गारव्यात तोडतात आणि पॅक हाऊसमध्ये आणून आधी प्री-कूलिंगला लावतात. रानातून मण्यांत आलेली उष्णता तिथे काढून टाकल्यावरच माल शून्य-एक अंशाच्या शीतगृहात जातो. प्री-कूलिंगचं काम गारवा आणण्याचं, शीतगृहाचं काम तो राखण्याचं. सॅकलाही हाच क्रम लागू पडतो.

समजा दोन लिटर ताक, किलोभर द्राक्षं आणि अर्धा किलो दही असा साडेतीन किलोचा ऐवज आहे. हे सगळं स्वयंपाकघरातल्या ३२ अंशांवरून तसंच सॅकमध्ये घातलं, तर ते ५ अंशांपर्यंत उतरवण्यातच किलोपेक्षा अधिक बर्फ खर्ची पडतो. म्हणजे दिवसभराचा निम्म्याहून अधिक साठा घराचा उंबरा ओलांडल्यावर थोड्याच वेळात संपतो. हेच पदार्थ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले, तर तो सगळा बर्फ वाटेसाठी उरतो. महागडी सॅक घेण्यापेक्षा या एका सवयीने जास्त फायदा होतो, आणि ती फुकट आहे. रिकामी सॅकही आदल्या रात्री घरातल्या सर्वांत थंड जागी उघडी ठेवावी, आत दोन बर्फाच्या पिशव्या टाकल्या तर आणखी उत्तम.

बर्फ कोणता? माझी पहिली पसंती गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्यांना. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. तेवढ्या उष्णतेने एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांवर जाईल. गारव्याची खरी ताकद वितळण्यात आहे. बर्फ फ्रीझरमधून उणे १८ अंशांवर काढला की शून्यावर, याने फक्त दहा-बारा टक्क्यांचा फरक पडतो. बाजारातल्या साध्या जेल पॅकमध्येही बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे वजनाला वजन लावलं तर तो बर्फाहून फारसा सरस ठरत नाही. गळत नाही आणि पुन्हा वापरता येतो, एवढाच त्याचा फायदा. बाटली मात्र वितळली की प्यायला होते आणि उतरताना ओझं हलकं करते. भरताना वर थोडी जागा सोडावी. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेली बाटली चिरते. कुल्फीवाल्यासारखं मीठ बर्फात घालू नये. मिठाने तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, कुल्फीला ते हवंच असतं, पण आपलं दही गोठून फुटतं.

दुकानात गेल्यावर लेबलवरचे ‘२४ तास थंड’ असले दावे बाजूला ठेवावेत. बाहेर किती तापमान होतं, आत किती बर्फ होता, सॅक किती वेळा उघडली, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. त्यापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. भिंत चिमटीत धरून जाडी पाहावी. मग तेच झाकणाला आणि तळाला करावं, कारण पुढची बाजू जाड आणि झाकण नुसतं कापडाचं, असा प्रकार बऱ्याचदा दिसतो. चेन ही दुसरी कच्ची जागा. मोबाईलचा टॉर्च लावून आत ठेवा, चेन पूर्ण बंद करा आणि अंधाऱ्या कोपऱ्यात पाहा. जिथून उजेड बाहेर येतो तिथून गार हवाही जाणार. चेनवर कापडाची झडप असेल तर चांगलं. अस्तर शिलाईचं असेल तर टाक्यांतून पाणी झिरपतं आणि फोम ओला झाला की निकामी होतो. शिवणीऐवजी उष्णतेने जोडलेलं अस्तर महाग पडतं, पण सुट्टा बर्फ नेणार असाल तर तेच घ्यावं. बाटल्याच नेणार असाल तर शिलाईचंही चालेल.

वरून उघडणारी सॅक पुढून उघडणारीपेक्षा बरी. गार हवा जड असते, वरचं झाकण उघडलं तरी ती बरीचशी तळाशी बसून राहते. पुढची चेन उघडली की सगळी सांडते. रंग फिकट घ्यावा. काळं कापड उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, आणि वरचा सगळा हिशेब सावलीतला आहे.

पट्ट्यांकडे लोक शेवटी पाहतात, चढणाऱ्याने ते आधी पाहावं. साडेतीन किलो जिन्नस, दोन किलो बर्फ, किलो-सव्वा किलो सॅक, म्हणजे जवळपास सात किलो. एवढ्या वजनाला रुंद, गादीचे पट्टे आणि छातीवरचा आडवा पट्टा हवाच. दुकानातच सात किलोचं काहीतरी आत भरून दहा मिनिटं पाठीवर घ्यावं. दुकानदाराला सांगितलं तर तो नाही म्हणत नाही.

मापाबाबत मोह आवरावा. अर्धवट भरलेली मोठी सॅक ही सर्वांत वाईट निवड, कारण आतली रिकामी हवा प्रत्येक उघडझाकीला बदलते आणि मोठ्या भिंतीतून उष्णताही जास्त येते. चार माणसांच्या एका दिवसाला १५ ते २० लिटर पुरतात. दोन कुटुंबं एकत्र निघणार असतील, तर दोन छोट्यांपेक्षा गच्च भरलेल्या एका मोठ्या सॅकला बर्फ कमी लागतो, फक्त ती आळीपाळीने उचलायची तयारी हवी. रिकामी जागा राहिलीच तर टॉवेल किंवा वर्तमानपत्र कोंबावं.

भरताना जड वस्तू पाठीला लागून ठेवाव्यात आणि बर्फ दोन्ही बाजूंना व वर. वरच्या बर्फाची गार हवा खाली उतरते. सारखी तहान लागणार हे ठरलेलंच असतं, तेव्हा पिण्याचं पाणी या सॅकमध्ये ठेवूच नये. ते वेगळ्या बाटलीत किंवा स्टीलच्या थर्मासमध्ये न्यावं. खरं तर एकट्या-दुकट्याने फक्त गार पाणी-ताक न्यायचं असेल, तर कूलर सॅकपेक्षा लिटरभराचा चांगला थर्मास सरस आहे. त्याच्या दुहेरी भिंतीमध्ये हवाच नसते, म्हणून कुठलाही फोम त्याची बरोबरी करत नाही. आणि जेवणाचं म्हणाल, तर भाकरी, धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे यांना गारवा लागतच नाही. आपल्या बायाबापड्यांनी रानातल्या दिवसभराच्या कामासाठीच हे खाणं बसवलं आहे. सॅकमधली जागा दूध, दही, श्रीखंड, कापलेली फळं अशा ५ अंशांच्या वर झपाट्याने बिघडणाऱ्या जिनसांसाठी राखावी.

औषधांची काळजी वेगळी घ्यावी लागते, आणि तिथे धोका गारवा जास्त होण्याचाही असतो. आरोग्यसेविका वाड्यावस्त्यांवर लस घेऊन जातात त्या निळ्या-पांढऱ्या पेटीत चार आईस पॅक असतात. फ्रीझरमधून काढल्याबरोबर ते पेटीत घालत नाहीत. पॅकला घाम फुटून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवतात आणि मगच भरतात. कारण लसी २ ते ८ अंशांत राहायला हव्यात. हिपॅटायटिस-बी, पेंटाव्हॅलेंट यांसारख्या काही लसी गोठल्या की वाया जातात. इन्सुलिनचंही तसंच आहे. एकदा गोठलं की वितळवून वापरता येत नाही. म्हणून इन्सुलिन घट्ट झाकणाच्या डब्यात, रुमालात गुंडाळून, बर्फाला न टेकवता मधोमध ठेवावं, आणि बर्फही असाच पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर काढून ठेवलेला असावा.

चढताना सॅक शक्यतो उघडू नये, थांबल्यावर सावलीत, दगडावर न ठेवता गवतावर किंवा चादरीवर ठेवावी. तापलेला कातळ तळातून भरपूर उष्णता देतो. घरी आल्यावर तिला तशीच कोपऱ्यात टाकू नये. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून अस्तर पुसावं, चेनचे दात ब्रशने झाडावेत आणि झाकण उघडं ठेवून सावलीत दोन दिवस वाळवावं. उन्हात अस्तर कडक होऊन तडकतं. सॅक घडी करून ठेवायची असेल तर दर वेळी त्याच रेषेवर घडी घालू नये, तडा पहिल्यांदा तिथेच जातो.