घाटेअळी किती दिवसांची?

घाटेअळीचं आयुष्य किती दिवसांचं, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुठं वाढलेली? माहितीपत्रकात तक्ता असतो: अंडी तीन-चार दिवस, अळी दोन-तीन आठवडे, कोष दहा-बारा दिवस. आकडे खोटे नाहीत. पण ते २५ अंशांच्या आसपास, पोटभर खाद्य मिळालेल्या अळीचे आहेत. डिसेंबरच्या थंडीत हरभऱ्यावर असलेल्या अळीला ते लागू पडत नाहीत.

आमच्या प्रयोगशाळेत अळ्या पाळायच्या त्या एचएएनपीव्ही या विषाणूसाठी. हा विषाणू घाटेअळीला मारतो आणि तिच्या जिवंत शरीरातच वाढतो. म्हणून एका वयाच्या, निरोगी, भरपूर अळ्या सतत हाताशी लागतात.

सगळ्यात जास्त वेळ खाद्यात जातो. अगर उकळायचं, त्यात हरभऱ्याचं पीठ, यीस्ट, क्षार, बुरशी रोखणारं सॉर्बिक आम्ल घालायचं. क जीवनसत्त्व मात्र मिश्रण जरा निवल्यावर शेवटी, कारण उष्णतेनं ते नासतं. मग सगळं खणांच्या ट्रेमध्ये ओतायचं आणि बारीक ब्रशच्या टोकानं एका खणात एकच अळी सोडायची. ही अळी जरा मोठी झाली की शेजारणीलाच खाते, त्यामुळे दोघींना एकत्र ठेवता येत नाही. खाद्य ओलं राहिलं तर बुरशी येते. ते सुकलं तर अळी खायचं सोडून खणाच्या कडेनं फिरत राहते. पिठाचा कस कमी असेल तर त्याचा परिणाम हळूहळू दिसतो. अळी रेंगाळते, कधी एक कात जास्त टाकते आणि शेवटी कोष हलका भरतो. हलक्या कोषातून निघालेली मादी अंडी कमी घालते. म्हणजे आज खाद्यात कसर केली तर तिची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते. म्हणून कोष तोलणं मला या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एवढ्या एका वजनात मागच्या सगळ्या दिवसांचा हिशेब असतो.

तापमानाचा हिशेब सोपा आहे. साधारण ११ अंशांखाली या अळीची वाढ जवळपास थांबते. त्यावरचा प्रत्येक अंश तिच्या खात्यावर जमा होतो. २५ अंशांना दिवसाला १४ अंश जमतात, २० अंशांना फक्त ९. अंड्यापासून पतंगापर्यंत पावणेपाचशेच्या आसपास अंश लागतात. म्हणजे बीओडीचा (ठरावीक तापमान राखणाऱ्या कपाटाचा) काटा २५ वर असेल तर सुमारे ३४ दिवस, २० वर असेल तर ५३. काटा वाढवत नेला म्हणून वेग मात्र कायम वाढत नाही. पस्तिशीच्या पुढे अळ्या मरू लागतात, आणि जगतात त्यांचे पतंगही अंडी कमी घालतात.

उजेडही मोजून द्यावा लागतो. आम्ही दिवस १४ तासांचा ठेवतो, कारण दिवस लहान आणि हवा गार झाली की काही कोष सुप्तावस्थेत जातात. मग पतंग बाहेर यायला महिने लागू शकतात. गुलाबी बोंडअळीचंही असंच. फक्त ती कोषात न जाता, पूर्ण वाढलेल्या अळीच्या रूपातच, सरकीच्या दोन बिया जोडून आत पडून राहते.

पतंगांना मधाचं किंवा साखरेचं पाणी द्यायचं आणि पिंजऱ्यावर अंड्यांसाठी मलमल लावायची. विषाणूची खोली आणि अळ्यांची खोली वेगळी ठेवायची. ज्या विषाणूसाठी अळ्या वाढवायच्या तोच त्यांच्यात शिरला, तर सगळं कल्चर काळं पडून पाझरू लागतं. पिढ्यान् पिढ्या ट्रेमध्ये वाढलेल्या अळ्या खाद्याला आणि खोलीला सरावतात, शेतातल्या अळीसारख्या राहत नाहीत. म्हणून अधूनमधून शेतातून नवे जीव आणून त्यांच्यात मिसळावे लागतात.

हे सगळं शेतकऱ्याच्या उपयोगाचं आहे का? आहे, आणि फार आहे. एचएएनपीव्ही लहान अळीवर चांगला लागू पडतो. मोठी अळी त्याला लवकर दाद देत नाही, आणि मरेपर्यंत ती घाटे पोखरतच असते. त्यामुळे ‘अळी लहान आहे’ ते दिवस नेमके कोणते, यावर फवारणीचं यश ठरतं. दिवस-रात्रीची सरासरी १९ अंश असेल तर २५ अंशांच्या तक्त्यातल्या आठवड्याचे जवळजवळ दोन आठवडे होतात. नोव्हेंबरातल्या उबदार दिवसांत हाच काळ बराच आखडतो. शिवाय शेतात रात्री गारठा आणि दुपारी ऊन असतं, बीओडीसारखी एकसारखी हवा नसते. म्हणून सरासरीवरून काढलेले दिवस हा अंदाजच समजावा.

कामगंध सापळ्यात सलग दोन-तीन रात्री आठ-दहा पतंग अडकले की शेतात उतरून अंडी आणि बारीक अळ्या शोधाव्यात. त्या दिवसापासून गावातलं रोजचं कमाल आणि किमान तापमान वहीत टिपावं. आणि माहितीपत्रकं काढणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे: दिवसांचा आकडा छापाल तिथं त्याच्या शेजारी तापमानही छापा.