व्हिडिओ नेमका कुठे थांबवायचा?

दहावीच्या विज्ञानात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आहे. त्यात विद्युत चलित्राची, म्हणजे मोटरची आकृती येते. मुलं ती सुबक काढतात, नावं देतात, गुणही मिळवतात. पण तारेची चौकट फिरतच का राहते, एवढं विचारलं की वर्ग गप्प होतो. छोटा व्हिडिओ खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो इथे. मात्र तो नुसता लावून चालत नाही.

उदाहरणाला अरविंद गुप्तांची मोटर घेऊ. आयआयटी कानपूरला शिकलेले गुप्ता 1978 मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याच्या कामात रमले. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा खेळण्यांचे शेकडो व्हिडिओ केले. बरेचसे एक-दोन मिनिटांचेच, मराठीतही. 2018 मध्ये गुप्तांना पद्मश्री मिळाली.

मोटरीला लागतं ते एवढंच: एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आणि एनॅमल दिलेली तांब्याची तार. तारेचे दहाएक वेढे सेलवरच घालून गुंडाळी करायची आणि तिची दोन टोकं दोन बाजूंना सरळ काढायची. ट्यूबच्या पट्टीने सेलच्या दोन्ही टोकांना पिना घट्ट बसवायच्या. चुंबक सेलला चिकटतं. पिनांच्या भोकांत गुंडाळीची टोकं अडकवली की ती चुंबकाच्या वर तरंगल्यासारखी राहते.

आता खरी गोम. टोकांवरचं एनॅमल खरवडायचं ते तीनच बाजूंनी. चौथी बाजू तशीच ठेवायची. शिक्षकाने हे टेबलावर करून दाखवलं तर मागच्या बाकांवर काहीही दिसत नाही. पडद्यावर मात्र तार बोटाएवढी जाड दिसते आणि ब्लेड कुठे फिरतंय ते शेवटच्या बाकालाही कळतं.

व्हिडिओ इथेच थांबवा. गुंडाळी फिरायच्या आधी. मग विचारा: एक बाजू का सोडली? चारही बाजू खरवडल्या तर मोटर जोरात फिरेल, हळू फिरेल की फिरणारच नाही? प्रत्येकाला उत्तर वहीत लिहू द्या. सगळं एनॅमल काढलं तर वीज जास्त मिळेल, मोटर जास्त पळेल, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात गुंडाळी नुसती डुलते आणि थांबते. कारण अर्धा फेरा झाला की गुंडाळीची बाजू उलटते, आणि जो जोर तिला पुढे ढकलत होता तोच मागे ओढू लागतो. एनॅमलची बाजू पिनेवर आली की वीज तुटते, मागे ओढणारा जोर उरत नाही, आणि जडत्वाच्या जोरावर गुंडाळी उरलेला फेरा पुरा करते. पुस्तकातल्या मोटरमध्ये कम्युटेटर विजेची दिशाच उलटवतो. इथे वीज नुसती तोडून भागतं. हा फरक मुलांनी आपणहून काढला तर धडा कळला असं खुशाल समजा.

अंदाज आधी लिहून घेण्याचा आग्रह उगाच नाही. ‘व्हेरिटासियम’ या विज्ञानाच्या यूट्यूब चॅनेलवाले डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात 2008 मध्ये, व्हिडिओंतून भौतिकशास्त्र कसं शिकवावं याच विषयावर पीएचडी केली. सोपं, स्वच्छ स्पष्टीकरण देणारे व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडले, समजल्यासारखेही वाटले, पण चाचणीतले गुण फारसे वाढले नाहीत. ज्या व्हिडिओंत आधी नेहमीचा गैरसमज मांडून मग तो खोडला होता, ते विद्यार्थ्यांना गोंधळाचे वाटले, आणि शिकणं त्यांतूनच जास्त झालं. डोक्यात आधीच बसलेली कल्पना हलली नाही तर डोळ्यांसमोरून गेलेलं बरोबर उत्तरही तिच्याच साच्यात बसतं. म्हणून माझं मत ठाम आहे: न थांबवता दाखवलेला व्हिडिओ म्हणजे करमणूक.

बाकीची तयारी किरकोळ आहे. व्हिडिओ आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवा, ऐन तासाला नेटवर विसंबू नका. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून दाखवा, म्हणजे मुलं बघतात आणि सांगण्याचं काम तुमच्याकडे राहतं. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपवर नेतात. तिथलं साहित्यही असंच थांबवत वापरता येतं.

त्यानंतर पडदा बंद करून मुलांच्या हातात तार द्या. तासाचा मोठा भाग याच कामाला हवा. गुंडाळी अडकून राहिली तर तार आणि सेल दोन्ही तापतात, म्हणून ती लगेच उचलायला आधीच शिकवा. ब्लेडऐवजी पॉलिश पेपर दिला तरी एनॅमल निघतं. आणि वर्गात नेण्याआधी एक मोटर घरी स्वतः फिरवून बघाच.