पाण्याच्या वाटेने

आळंदीहून पंढरीस जावयाचे दोन मार्ग आहेत. पहिला सर्वांच्या परिचयाचा. ज्येष्ठात माउलींची पालखी निघते, पुणे, सासवड, जेजुरी, फलटण असे मुक्काम करीत आषाढी एकादशीस ती पंढरपुरी पोहोचते. दुसऱ्या मार्गाचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. आळंदीच्या घाटाखालून वाहणारी इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते, आणि तीच भीमा पुढे चंद्रकोरीसारखी वळून चंद्रभागा या नावाने विठ्ठलाच्या पायांशी जाते. माणसे डोंगर चढून जातात, पाणी सखल वाटेने जाते. परंतु दोघांचे गाव एकच. या दुसऱ्या वाटेने थोडे तरी जाऊन पाहावे असे आमच्या मनात कसे आले, आणि त्या चार दिवसांत आम्ही काय पाहिले, ते वाचकांस सांगावयाचे आहे.

निमित्त घडले आमच्या पुतण्याचे. मेक्सिको आणि ग्वातेमाला या दोन देशांमधून उसुमासिंता नावाची एक मोठी नदी वाहते. तिच्या दोन्ही तीरांवर निबिड अरण्य असून त्यात माया लोकांच्या प्राचीन नगरांचे अवशेष आहेत. हौशी प्रवासी लहान होड्यांतून दिवसचे दिवस ती नदी उतरत जातात, रात्री वाळवंटात राहुट्या ठोकतात आणि वाटेतील मंदिरे पाहतात. हे वर्णन आमच्या पुतण्याने रात्रीच्या जेवणाच्या वेळी मोठ्या रसाने सांगितले. विशेषतः याश्चिलान या नगराचे. नदीने घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे आणि त्या वळणाच्या पोटात हे नगर वसलेले आहे. आजही तेथे जाणारे बहुतेक लोक नावेनेच जातात. इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकांत, म्हणजे आपल्याकडे वेरूळचे कैलास लेणे खोदले जात होते त्या सुमारास, हे नगर भरभराटीत होते. पुढे शे-दीडशे वर्षांत ते ओस पडले. १८८२ साली आल्फ्रेड मॉडस्ली हा इंग्रज संशोधक तेथे पोहोचला. तेथील दारांवरच्या कोरीव शिळांपैकी काही आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांतील एकीवर राणी आपल्या जिभेतून काटेरी दोरी ओढून रक्त अर्पण करीत आहे आणि राजा तिच्यासमोर पेटती मशाल धरून उभा आहे. हे ऐकून घरातील मुलींनी कानांवर हात ठेवले, आमच्या आत्याबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "नवस फेडायच्या रीती देशोदेशी निराळ्या."

पुतण्याने शेवटी विचारले, "काका, आपल्याकडे अशी नदी नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तत्काळ देता येईना, आणि त्याची थोडी लाजही वाटली. आमचा जन्म या नदीच्या काठी गेला. पण घाटाच्या पायऱ्यांपलीकडे ती कशी जाते, तिच्या तीरावर कोणती देवळे आहेत, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. पौष महिन्यात चार दिवसांची सवड काढावयाचे ठरले. दोघे पुतणे, नदीवर वल्हविण्याचा सराव असलेले त्यांचे एक स्नेही आणि आम्ही असे चौघेजण. बरोबर दोन कयाक. कयाक ही उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. मूळची लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली. आता ती प्लास्टिकची मिळते. ती लांब व अरुंद असते, आणि वल्ह्याला दोन्ही टोकांस पाती असतात. आपल्याकडील भोपळ्यांची सांगड किंवा उसाचा रस आटविण्याची काहील यांतून नदी उतरणारे लोक पुष्कळ. कयाकीचे तत्त्वही त्याहून फार दूरचे नाही. बुडणाऱ्यास तरंगविणारी जाकिटे प्रत्येकाने अंगावर घातलीच पाहिजेत, अशी आत्याबाईंची अट होती. निघताना त्या हसून म्हणाल्या, "पेडगावला जाणार म्हणता, जा, पण वेड पांघरून जाऊ नका."

पहिल्याच दिवशी आमचा बेत मोडला. आळंदीच्या घाटावरून होड्या सोडावयाच्या, असा संकल्प होता. सकाळी जाऊन पाहतो तो बंधाऱ्याखाली पाण्यावर पांढरा फेस साचलेला. वाऱ्याने त्याचे पुंजके उडून पायऱ्यांवर येत होते. दुरून पाहणाऱ्यास हे बर्फ आहे की काय असा भास व्हावा. पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या परिसरात वस्ती व कारखानदारी जितक्या वेगाने वाढली, तितक्या वेगाने त्यांचे सांडपाणी शुद्ध करण्याची सोय वाढली नाही. मैलापाणी, साबणासारखी द्रव्ये आणि कारखान्यांची रसायने नदीत उतरतात, आणि बंधाऱ्यावरून पाणी कोसळले की त्यांचा फेस होतो. थोडे खाली गेले की जलपर्णीचे रान. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील, म्हणजे आम्हांस जंगल पाहावयाचे होते ते परदेशचे जंगल आपण होऊनच आमच्या दारी आले होते! घाणीच्या पाण्यावर ती पोसते, आणि तिच्या गालिच्यात वल्हे रुतून बसते. आमच्या अनुभवी स्नेह्यांनी पाण्याकडे एकदा पाहिले आणि होडी खांद्यावरून खाली ठेवली. "येथे उतरावयाचे नाही," एवढेच ते म्हणाले. शेजारी एक वृद्ध वारकरी तोच फेस हाताने बाजूला सारून स्नान करीत होता. आम्ही ज्या पाण्यात होडी घालावयास कचरलो, त्यात तो श्रद्धेने डोके बुडवीत होता, हे आम्ही चौघांनीही पाहिले आणि कोणी काही बोललो नाही.

होड्या गाडीवर चढवून आम्ही काठाकाठाने मरकळवरून तुळापुरास गेलो. येथे इंद्रायणी भीमेस मिळते. संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. या गावाचे पूर्वीचे नाव नागरगाव. आदिलशाहीतील मुरार जगदेवाने येथे हत्तीची तुला करावयाचे योजिले; परंतु हत्ती तोलेल असा ताजवा कोठून आणावा? तेव्हा शहाजीराजांनी युक्ती सुचविली, असे सांगतात. हत्ती नावेत चढवावा, नाव पाण्यात जेथवर बुडेल तेथे खूण करावी, हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नाव बुडेल इतके धोंडे भरावे आणि मग ते धोंडे तोलावे. आख्यायिका खरी असो वा नसो, पाण्याशी नित्य संबंध असलेल्या लोकांनाच अशी गोष्ट सुचेल. याच संगमाच्या परिसरात १६८९ च्या मार्चमध्ये संभाजीमहाराजांचा वध झाला. तेथील समाधीपुढे नमस्कार करून आम्ही निघालो. पुढे पुण्याचे सांडपाणी पोटात घेतलेली मुळा-मुठा भीमेस मिळते; तो भाग पाण्यातून करावयाचा नाही असे ठरवून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दौंडावरून पेडगावास पोहोचलो, आणि तेथे अखेर होड्यांस पाणी लागले.

पेडगाव हे भीमेच्या उत्तर तीरावरील जुने नगर. मोगल सुभेदार बहादुरखानाची छावणी येथे असे, म्हणून किल्ल्यास बहादूरगड म्हणत. पकडून आणलेल्या संभाजीमहाराजांना औरंगजेबापुढे उभे केले ते येथेच, १६८९ च्या फेब्रुवारीत. परंतु छावणीच्या कितीतरी आधी, यादवांच्या काळात, येथे शिल्पकारांचा हात चालला होता. लक्ष्मीनारायणाचे देऊळ आज भग्न आहे, तरी त्याच्या बाह्य भिंतीवरील सुरसुंदरी पाहून पाय निघत नाही. कोठे गवत वाढलेले, कोठे कोरीव खांब आडवे पडलेले. नदीचे पाणी गडावर चढविण्यासाठी केलेल्या हत्तीमोटेचे अवशेषही तेथे दाखवितात.

होडी पाण्यात लोटून मध्य प्रवाहात गेल्यावर आम्ही मागे वळून पाहिले, आणि तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. गाडीने आलो तेव्हा पेडगाव आम्हांस एक विखुरलेले, कोपऱ्यातले खेडे वाटले होते. कोणत्या वाटेने कोणत्या देवळाकडे जावे हेही कळत नव्हते. पाण्यातून पाहताच सारे जागच्या जागी बसले. तटाची भिंत, नदीकडे उतरणारी वाट, त्यामागे देवळे, असे ते नगर आमच्याकडे तोंड करून उभे होते. आम्ही सकाळी त्याच्या घरात मागल्या दाराने शिरलो होतो; पुढचे दार नदीवर होते. याश्चिलानची मंदिरेही अशीच नदीकाठच्या चौकापासून पायरीपायरीने टेकडीवर चढत गेली आहेत, असे पुतण्याने सांगितले. पृथ्वीच्या दोन टोकांस राहणाऱ्या, एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन समाजांनी नदीला अंगणाचा मान दिला होता.

दुपारपर्यंत प्रवाह संथ होता. एके ठिकाणी उथळ पाणी लागले, तेथे होड्या उतरून ओढाव्या लागल्या. काठावर उसाचे फड, मधूनमधून बाभळीचे बन, खडकांवर पंख वाळवीत बसलेले पाणकावळे. सायंकाळी सिद्धटेकची टेकडी दिसू लागली. उजव्या सोंडेचा हा गणपती अष्टविनायकांपैकी एक. देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेले. पूल होण्यापूर्वी दौंडच्या बाजूने येणारे यात्रेकरू शिरापुराहून नावेने नदी ओलांडीत. वडील मंडळींच्या तोंडून ऐकलेला तो प्रवास आम्ही थोडासा का होईना, अनुभवला. चिखलाचे पाय धुऊन पायऱ्या चढताना सांजआरतीची घंटा ऐकू आली, त्या वेळचे समाधान मोटारीतून उतरून दर्शन घेणारास मिळेल असे वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी नदी हळूहळू नदी राहिनाशी झाली. तीर दूर गेले, प्रवाह थांबला, पाणी आभाळासारखे पसरले. हे उजनी धरणाचे पाणी. १९८० साली पुरे झालेल्या या धरणात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठते. सोलापूर जिल्ह्यातील कोरड्या जमिनीस त्याने ऊस दिला, हे खरे. त्याबरोबर काठची पुष्कळ गावेही त्याने पोटात घेतली. भिगवणच्या बाजूस हिवाळ्यात पक्ष्यांची जत्रा असते. आम्हांस पट्टकदंब हंसांचे थवे, चित्रबलाक आणि दूरवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसली. या पाण्याचा भरवसा मात्र धरू नये. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान अचानक सुटलेल्या वादळात एक नाव उलटून ६ जण बुडाले. म्हणून आम्ही काठ सोडला नाही, आणि वारा उठण्यापूर्वी दुपारीच मुक्काम केला.

चवथ्या दिवशी पळसदेवास पोहोचलो. येथील पळसनाथाचे देऊळ प्राचीन. खाली दगडी बांधणी व वर विटांचे शिखर. धरण भरले तेव्हा ते पाण्यात गेले. गाव उठून वर वसले, आणि गावकऱ्यांनी नव्या जागी नवे देऊळ बांधले. ज्या उन्हाळ्यात पाणी फार खालावते, त्या वर्षी जुने देऊळ उघडे पडते, आणि लोक ते पाहावयास जातात. आम्ही गेलो तेव्हा धरणात पाणी भरपूर होते. जाळे टाकावयास आलेल्या एका वृद्ध भोयाला आम्ही देवळाची जागा विचारली. त्याने आपली होडी आमच्याजवळ आणली, वल्हे पाण्यात उभे धरले आणि म्हणाला, "हितंच हाय बगा काका, खाली. म्या लहान असताना हितं जत्रंला यायचो." मग त्याने पाण्याला हात लावून तो कपाळी नेला. आम्हीही तसेच केले.

परतताना पुतण्याने सांगितले की उसुमासिंतेवरही मोठे धरण बांधावयाचे बेत झाले होते. तसे घडते तर त्या काठची प्राचीन नगरेही धोक्यात आली असती. त्यास मोठा विरोध झाला आणि ते धरण आजवर झालेले नाही. आमच्याकडे झाले. धरणे नकोत असे आमचे म्हणणे नाही. तहानलेल्या शेतास पाणी हवेच. परंतु काय देऊन काय घेतले याचा हिशेब घरातील वडील माणसे ठेवतात, तसा समाजानेही ठेवावा. पळसदेवचे देऊळ बुडाले ते उघड उघड, एका कामासाठी, आणि ज्यांचे गेले त्यांना ते ठाऊक आहे. आळंदीची नदी मात्र कोणी ठरविल्यावाचून, कोणाच्याच हिशेबात न येता, रोज थोडी थोडी बुडत आहे. आपण नदीकडे पाठ करून घरे बांधली, आणि पाठीमागे केर टाकावयाची आपली जुनी सवय आहे. अंगणात कोणी केर टाकीत नाही.

घरी पोहोचल्यावर आत्याबाईंपुढे सिद्धटेकचा प्रसाद ठेवला. त्यांनी तो डोळ्यांस लावला आणि विचारले, "इंद्रायणीवरून निघालात ना? मग तिचे तीर्थ कोठे आहे?" आम्ही खरे ते सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. नंतर देवघरातील रिकामी तांब्याची गडू उचलून त्यांनी आमच्या पुतण्याच्या हाती दिली. "ही तुझ्याजवळ ठेव," त्या म्हणाल्या. "ज्या दिवशी आळंदीच्या घाटावरून होडी सोडता येईल, त्या दिवशी भरून आण."

ती गडू सध्या त्याच्या अभ्यासाच्या मेजावर आहे.