टाकीतले शेजारी : आफ्रिकन सिक्लिडविषयीचे काही पक्के गैरसमज

माशांच्या दुकानात ‘आफ्रिकन’ अशी चिठ्ठी चिकटवलेली एक टाकी बहुतेक असतेच. बोटभर लांबीचे पिवळे, निळे, केशरी, पट्टेरी मासे तिच्यात गर्दीने फिरत असतात आणि सगळ्यांचा भाव एकच असतो. गिऱ्हाईक रंग बघून पाच-सहा निवडतं, पिशवी भरून घरी नेतं. काही महिन्यांत त्यांतला एक धष्टपुष्ट होतो आणि बाकीचे कुरतडलेल्या परांनिशी फिल्टरच्या नळीमागे लपून बसतात. मग सगळे म्हणतात, हा मासाच वाईट. माझ्या मते दोष त्या चिठ्ठीचा आहे. तिच्यावरून खंड कळतो. मासा कुठल्या पाण्यातला, काय खाणारा आणि कोणाला वैरी समजणारा, हे कळत नाही.

“सगळे आफ्रिकनच ना, मग राहतील की एकत्र!”

बाजारात येणारे बहुतेक आफ्रिकन सिक्लिड पूर्व आफ्रिकेतल्या तीन सरोवरांतले असतात : मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया. एकट्या मलावीत सिक्लिडच्या पाचशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या जगात दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. त्याच चिठ्ठीखाली क्रिबेन्सिसही विकला जातो. तो पश्चिम आफ्रिकेतल्या, नायजेरियाकडच्या नद्यांतला, मऊ पाण्यात सुखावणारा. त्याला मलावीच्या दांडगटांबरोबर जड पाण्यात टाकणं म्हणजे त्याच्यावर दोन्हीकडून अन्याय.

बरं, फक्त मलावीचेच घेतले तरी प्रश्न सुटत नाही. खडकांच्या कपारीत राहणाऱ्या माशांना तिथले लोक ‘म्बुना’ म्हणतात. एक-एक कपार अडवून बसायची आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खायचं, हा त्यांचा दिनक्रम. पीकॉक मासे वाळूवर तरंगत खालच्या किड्यांचा कानोसा घेतात, तुलनेनं गरीब. व्हेनस्टससारखे मोठे शिकारी वीत-सव्वा वीत वाढतात आणि लहान मासे गिळतात. म्बुनांच्या टाकीत एकटा नर पीकॉक सोडला की तो बरेचदा दबतो, रंग मिटवतो आणि राखाडी होऊन कोपरा धरतो. मालकाला वाटतं दुकानदारानं फसवलं. रंग होता, पण तो मिरवायची मुभा त्या माशाला उरलेली नसते.

“हे इतके भांडखोर, की दुसरं काही ठेवताच येत नाही.”

इथे जरा थांबायला हवं, कारण शेजारी निवडण्याची सगळी गोम इथेच आहे. सिक्लिडचा नर सगळ्यांशी सारखा भांडत नाही. त्याचा राग सर्वांत जास्त कोणावर? जो त्याच्यासारखा दिसतो त्याच्यावर. त्याच आकाराचा, त्याच रंगाचा, तसेच उभे पट्टे असलेला मासा म्हणजे त्याच्या लेखी कपारीचा आणि माद्यांचा दावेदार. म्हणून दोन निळ्या-काळ्या उभ्या पट्ट्यांच्या जाती एकत्र ठेवल्या की रोज मारामारी, आणि त्यांतल्या एकीच्या जागी पिवळी यलो लॅब आली की बऱ्यापैकी शांतता. शेजारी असा हवा ज्याचं पाणी आणि जेवण सारखं, पण तोंडवळा वेगळा. आपण दुकानात नेमकं उलट करतो. एकमेकांना ‘शोभतील’ असे मासे निवडतो.

एकाच जातीतही गणित असतं. एक नर आणि एक मादी ही जोडी आपल्याला आदर्श वाटते, पण म्बुनांच्या बाबतीत ती मादीच्या जिवावर उठते. नर तिच्या मागे लागून तिला दमवतो. एका नरामागे तीन-चार माद्या असल्या की त्याचं लक्ष वाटलं जातं. ऑरॅटस नावाचा मासा मात्र नवशिक्यानं घेऊच नये. पिवळ्याधमक अंगावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची त्याची पिल्लं फार गोड दिसतात, स्वस्तही मिळतात. नर मोठा होताना गडद होतो आणि साऱ्या टाकीवर राज्य करायला लागतो.

सिक्लिड नसलेले सोबती? आहेत, आणि चांगले आहेत. सिनोडॉन्टिस हे आफ्रिकन कॅटफिश अंगानं चिवट, परांना मजबूत काटे असलेले आणि दिवसा कपारीत पडून राहणारे. मलावी आणि टांगानिका या दोन्ही सरोवरांत त्यांच्या जाती आहेत. त्यांतला अंगभर काळ्या ठिपक्यांचा मल्टिपंक्टेटस तर विलक्षण प्राणी. बरेच सिक्लिड अंडी तोंडात उबवतात. मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते. त्या क्षणी ही ठिपकेवाली जोडी मध्ये घुसते, घातलेली काही अंडी गट्ट करते आणि आपली अंडी तिथे टाकून जाते. सिक्लिडची मादी घाईघाईत तीही उचलते. कॅटफिशची पिल्लं आधी फुटतात आणि त्याच तोंडात बसून यजमानीण बाईंची अंडी-पिल्लं खातात. कोकिळेनं कावळ्याच्या घरट्यात जे करावं ते हा मासा पाण्याखाली करतो. तेत्सु सातो या जपानी संशोधकानं 1986 मध्ये ‘नेचर’मध्ये ही गोष्ट मांडली. पुढे असंही दिसलं, की टांगानिकातले सिक्लिड या फसवणुकीला थोडेफार सरावलेले असतात, तर ज्यांच्या पूर्वजांनी हा कॅटफिश कधी पाहिलाच नाही असे इतर सरोवरांतले सिक्लिड सहज फसतात. घरच्या टाकीत मलावीच्या मादीच्या तोंडातून मिशीवाली पिल्लं बाहेर आली, तर दचकू नये.

पीकॉकसारख्या मवाळ माशांबरोबर बोसेमानी रेनबो चांगला जमतो. तो न्यू गिनी बेटावरच्या आयामारू तलावांतला, म्हणजे चुनखडीच्या प्रदेशातला. जड पाणी त्याला परकं नाही. शिवाय तो वरच्या थरात सतत पोहत असल्यानं खालच्यांना धीर येतो. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतला मलबार डॅनिओही असाच चपळ; थव्यानं ठेवला तर मवाळ सिक्लिडबरोबर टिकतो.

गोल्डफिश, एंजल, टेट्रा, गप्पी यांना मात्र इथे जागा नाही. पहिला थंड पाण्याचा आणि संथ, मधले दोन ॲमेझॉनच्या मऊ पाण्याचे, आणि गप्पी म्हणजे शेपटी हलवणारं जेवण.

‘टाकी साफ करणारा’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकरही नको. तो दीड फुटांपर्यंत वाढतो आणि जेवढं शेवाळ खातो त्याहून जास्त घाण करतो. शेवाळ खाणारा हवाच असेल तर ब्रिसलनोज घ्यावा; तोही दक्षिण अमेरिकेचाच, पण वीतभरही होत नाही आणि जड पाणी निभावून नेतो.

“यांना खारं पाणी लागतं.”

नाही. तिन्ही सरोवरं गोड्या पाण्याची आहेत. मिठाचा डबा उपडा करण्याचं कारण नाही. या पाण्यात असतात ते कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट. त्यांनी पाणी जड आणि अल्कधर्मी होतं. मलावीचा पीएच साधारण 7.7 ते 8.6, टांगानिकाचा त्याहून चढा, 9 च्या आसपास. म्हणूनच ‘बोअरच्या पाण्यात मासे मरतात’ हे इथे सरसकट लागू पडत नाही. दख्खनच्या कातळातलं बोअरचं पाणी बरेचदा जड असतं आणि मलावीच्या माशांना ते मुंबईच्या नळाच्या मऊ पाण्यापेक्षा मानवतं. फक्त आधी टेस्ट किटनं तपासावं. पाणी मऊच असेल तर फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा किंवा ठेचलेले शिंपले ठेवावेत; ते हळूहळू विरघळतात. टाकीतले दगड म्हणून आपला काळा पाषाण उत्तम, तो पाण्याच्या रसायनात ढवळाढवळ करत नाही. दगड थेट तळाच्या काचेवर टेकवावेत आणि वाळू नंतर घालावी, कारण हे मासे खणतात आणि वाळूवर रचलेला ढीग एक दिवस कोसळतो.

या जड पाण्याची एक बाजू मात्र दुकानात कोणी सांगत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर त्यातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भागच विषारी रूपात असतो. पीएच 8 ला हे प्रमाण 5 टक्क्यांवर जातं, 8.5 ला 15 टक्क्यांच्या घरात. म्हणजे टेट्रांच्या टाकीत जी हयगय खपून जाते, ती इथे जीव घेते. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू वसायला काही आठवडे लागतात. तेवढा धीर धरावाच लागतो.

“गर्दी केली की भांडणं थांबतात.”

यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त धोक्याचं. चार मासे असले की दादा एकालाच गाठून मारतो. वीस असले की त्याचा पाठलाग पुरा होत नाही, मध्ये दुसराच कोणी येतो. डेमासोनायसारखी जात डझनभराच्या खाली ठेवू नये असं जाणते हौशी सांगतात ते यामुळेच. पण ही गर्दी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत करायची असते. तिच्यात सुमारे अडीचशे लिटर पाणी मावतं. सोबत दुप्पट ताकदीचा फिल्टर हवा आणि आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायची तयारी. दोन फुटी टाकीत गर्दी केली तर फक्त पाणी नासतं. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण जमीन तळावर वाटली जाते. नवा मासा सोडताना दगडांची मांडणी बदलावी. जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि सगळेच नवखे होतात.

जागाच नसेल तर टांगानिकाचे शंखवासी पाळावेत. मल्टिफॅसिएटस हा जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा सिक्लिड गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत घर करतो. दोन फुटी टाकीत वाळू आणि वीसेक शंख टाकले की त्याची आख्खी वस्ती नांदते. त्यांना सोबती देण्याच्या फंदात पडू नये. ती टाकी त्यांचीच.

‘छोट्या टाकीत मासा छोटाच राहतो’ हेही ऐकू येतं. राहतो, खुरटून. फ्रंटोसा फूटभर होणारा मासा आहे, त्याला टाकी बघून वाढ आवरता येत नाही.

“जिवंत किडे खाऊ घातले की रंग खुलतो.”

म्बुनाचं आतडं लांब, वनस्पतिजन्य खाण्यासाठी घडलेलं. त्याला रोज ब्लडवर्म आणि ट्युबिफेक्स दिले की पोट फुगण्याचा आजार ओढवू शकतो. स्पिरुलिना असलेल्या बारीक गोळ्या, अधूनमधून वाफवलेला पालक किंवा काकडीची चकती पुरे. पीकॉकला कोळंबीसारखं मांस चालतं. जेवणाची ही फारकतही या दोघांना एकत्र न ठेवण्याचं कारण आहे.

“आफ्रिकेतले, म्हणजे उन्हाळा सोसणारे.”

मलावीचं पृष्ठभागावरचं पाणी वर्षभर 23 ते 29 अंशांत असतं. मे महिन्यात अकोल्या-नागपुराकडे टाकीतलं पाणी त्याच्या सहज वर जातं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. झाकण काढून जाळी लावावी, पाण्यावर छोटा पंखा सोडावा. बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात.

“पिल्लं फार झाली, सोडू तळ्यात.”

सिक्लिड पाळणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते, कारण ही मंडळी जमली की थांबत नाहीत. उजनीच्या जलाशयात जाळ्यात भरभरून येणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, हीदेखील आफ्रिकेतलीच सिक्लिड. ती भारतात 1952 मध्ये आणली गेली आणि पुढे अनेक जलाशयांत स्थानिक माशांना भारी पडली. आपल्याकडचा मूळचा सिक्लिड म्हणजे कोकण-गोव्याच्या खाड्यांतला कालुंदर. त्याच्या शेजारी आणखी परके नको आहेत. जास्तीची पिल्लं दुसऱ्या हौशी माणसाला द्यावीत किंवा दुकानदाराला. तेही नको असेल तर मादीला वेगळं काढू नये. तिनं पिल्लं टाकीतच सोडली की बाकीचे मासे बहुतेकांचा निकाल लावतात आणि कपारीत दडलेली एखाद-दोनच मोठी होतात.