हटके पोशाख, रिकामं पावतीपुस्तक

मुंबई मॅरेथॉन जवळ आली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "निधी जमवायचाय ना, मग काहीतरी हटके करू या." म्हणजे काय, तर कुणी प्रेशर कुकर व्हायचं, कुणी यमराज. ड्रीम रनच्या साधारण ६ किलोमीटरांत असे यमराज पुष्कळ भेटतात. पेपरात फोटोही येतात. पण ज्या संस्थेसाठी हा खटाटोप, तिच्या खात्यात किती पडले असं विचारलं की यमराज गप्प.

कल्पकता लागतेच, पण ती मागण्यात. टेरी फॉक्सकडे पाहा. कर्करोगामुळे उजवा पाय गमावलेला हा कॅनडाचा तरुण १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. सुरुवातीला रस्त्यावर फारसं कुणी नव्हतं. मागणी मात्र शाळकरी पोरालाही कळेल अशी होती: प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर. हॉटेल व्यावसायिक इसाडोर शार्प यांनी मैलामागे दोन डॉलर कबूल केले आणि इतर कंपन्यांनाही तेच करायचं आव्हान दिलं. आजार उलटल्यामुळे १४३ दिवसांनी, ५,३७३ किलोमीटरांवर टेरीला थांबावं लागलं. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २.४१ कोटी डॉलर जमले होते. देशाची लोकसंख्या तेव्हा जवळपास तेवढीच होती.

२०२० मध्ये इंग्लंडच्या कॅप्टन टॉम मूर यांनी तर घराचं आवारही सोडलं नाही. वयाची शंभरी भरायच्या आत, वॉकर धरून, २५ मीटरच्या १०० फेऱ्या. उद्दिष्ट होतं १,००० पौंडांचं, जमले ३ कोटींहून अधिक. टाळेबंदीत बातमी सर्वदूर गेली हे खरं; पण ती एका वाक्यात सांगता येत होती म्हणून गेली. यात प्रेशर कुकर कुठे आहे, सांगा बरं?

आकडेच हवे असतील तर तेही आहेत. सारा स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या लंडन मॅरेथॉनमधल्या धावपटूंची ऑनलाइन देणगीची पानं तपासली. आधीच्या देणग्यांची सरासरी १० पौंडांनी जास्त असेल, तर पुढचा माणूस सुमारे अडीच पौंड जास्त देतो, असं त्यांना आढळलं. आपल्या गणपती मंडळांना हे शिकवावं लागत नाही. पावतीपुस्तकाचं पहिलं पान ते बाजारातल्या मोठ्या दुकानदाराकडे फाडतात, मग चाळीत येतात. तुम्ही मात्र पान उघडताच मित्राकडून ५१ रुपये घेता आणि पुढचे सगळे ५१ च का देतात म्हणून कपाळाला हात लावता. आधी मामाला गाठा.

आणि ते सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकणं! खाली नमस्काराच्या हातांची रांग लागते, दोन अंगठे येतात आणि लगेच पाण्याच्या टँकरची चौकशी सुरू होते. सर्वांना मागितलं की कुणालाच मागितलेलं नसतं. त्यापेक्षा एकेकाला लिहा: "काकू, रविवारी अंधशाळेसाठी ६ किलोमीटर चालतेय. किलोमीटरला ५० धराल का? ३०० होतात. चौथा किलोमीटर आजोबांच्या नावाने चालेन." कुणासाठी, किती, कधी, सगळं आलं. काकूंना फक्त हो म्हणायचंय.

पोशाखाची हौस असेलच तर तिला किंमत लावा. "१०,००० झाले तर नऊवारी नेसून चालेन, २५,००० झाले तर नथ घालून मिशीही ठेवेन." मग मित्रच उरलेले पैसे भरतात, तुमची फजिती बघायला.

बाकीचे गैरसमज चटकन उरकू.

"प्रवेशशुल्क भरलं, म्हणजे दान झालंच." नाही. ते आयोजनासाठी असतं. संस्थेसाठीचे पैसे वेगळे उभे करावे लागतात.

"चालायचं कशाला, थेट पैसे द्या की." जरूर द्या. पण ऑलिव्होला आणि शफीर यांच्या २०१३ च्या अभ्यासात सहलीपेक्षा ५ मैल धावायच्या कार्यक्रमासाठी लोकांनी जास्त रक्कम द्यायची तयारी दाखवली. घाम गाळायचा म्हटलं की माणूस हात सैल सोडतो.

"८०जीच्या करसवलतीत सगळी रक्कम वजा होते." बहुतेक संस्थांच्या बाबतीत निम्मीच, तीही जुन्या करप्रणालीत आणि मर्यादेत, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला तर काहीच नाही. काकूंचे पैसे तुमच्या खात्यात घेऊन पुढे पाठवलेत तर पावती तुमच्या नावाने निघेल. त्यांना थेट संस्थेलाच भरू द्या.

"कबूल केलं म्हणजे मिळालं." विनोबांना १९५१ पासूनच्या भूदान पदयात्रांमध्ये लाखो एकर जमीन कबूल झाली, त्यातली बरीच भूमिहीनांपर्यंत कधी पोचलीच नाही. तिथे सातबारा आडवा येत होता, इथे तर नुसता क्यूआर कोड पाठवायचाय. रविवारी दुपारीच पाठवा, पायांना गरम पाण्याचा शेक घेता घेता. सोमवारी लोक ऑफिसात असतात आणि मंगळवारी त्यांना आकडा आठवत नाही.