वेली विचारून लावतात, बाईला कोण विचारतं?

परवा रविवारी जेवणं आटोपून, ओटा आवरून मी लेकीबरोबर एक जुना इंग्रजी सिनेमा बघायला बसले. ‘थंडर इन द सन’, १९५९ सालचा. घोडे, बंदुका, धुरळा! हे पुरुषांचे सिनेमे, म्हणून मी विणकाम हातात घेतलं होतं. पण थोड्याच वेळात सुया मांडीवर तशाच पडून राहिल्या.

फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर, पिरेनीज डोंगरांच्या कुशीत बास्क लोक राहतात. त्यांच्या भाषेचं शेजारच्या कुठल्याच भाषेशी नातं नाही. सिनेमात एकोणिसाव्या शतकातली अशी काही कुटुंबं गाड्यांचा तांडा घेऊन कॅलिफोर्नियाला निघालेली असतात. बरोबर काय, तर गावाकडच्या द्राक्षवेली! मीसुद्धा सासरी येताना माहेरच्या मोगऱ्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती, तेव्हा सगळे हसले होते. म्हणून त्या वेली बघून मला अगदी भरून आलं.

नायिका गॅब्रिएल झालीय सुझन हेवर्ड. ‘आय वॉन्ट टू लिव्ह!’साठी ऑस्कर मिळवणारी तीच ही. वाटेत तिचा नवरा मारला जातो आणि रिवाजाप्रमाणे तिनं धाकट्या दिराशी लग्न करायचं असं ठरतं. तिचं मन मात्र वाटाड्याकडे ओढ घेत असतं.

लेकीनं पटकन विचारलं, “आई, वेली कुठे लावायच्या याचा सगळे एवढा विचार करतात. तिला कुणी विचारलं का गं?”

मी गप्प झाले. माझ्या एका मावसबहिणीचे यजमान अकाली गेले, तेव्हा तिच्या पुढच्या आयुष्याची बैठक बाहेरच्या खोलीत भरली होती. ती आत चहा गाळत होती आणि मी शेजारी उभी राहून कप मांडत होते. तिला विचारा, एवढं म्हणायला माझीही जीभ रेटली नाही.

सिनेमा म्हणून यात बराच मसाला आहे. चेंडू खेळायच्या बास्क टोपलीनं लढाईत दगड काय फेकतात! मूळ रहिवासी इंडियन तर नुसते हल्लेखोर म्हणून येतात. ती भूमी त्यांची होती, हे कुणी म्हणतच नाही.

खऱ्या बास्क बायकांची गोष्ट मला याहून मोठी वाटते. फ्रान्सकडच्या बास्क मुलखात जुन्या रिवाजानं पहिलं मूल, मग मुलगा असो की मुलगी, घराचं वारस होई. धाकट्यांना बाहेर पडावं लागे. त्यातले पुष्कळ जण अमेरिकेत मेंढपाळ झाले. महिनोन् महिने डोंगरात एकटे, सोबतीला कुत्रा. गावात उतरले की बास्क खाणावळीत राहायचे. या खाणावळींचा गाडा बायकांनी ओढला. लांबच लांब टेबलावर सगळ्यांची पंगत, शिवाय आजाऱ्याची शुश्रूषा आणि इंग्रजी न येणाऱ्याची अडचण निवारणं. मायदेशातून मुली तिथे कामाला येत आणि त्यातल्या कितीतरी जणींची लग्नं मेंढपाळांशीच जमत. आयडाहोतल्या बॉइसी शहरात १८६४ साली बांधलेलं एक घर १९१० पासून अशी खाणावळ होतं. आज ते बास्क संग्रहालयाचा भाग आहे.

या बायकांवर सिनेमा काढावासा हॉलिवूडला वाटला नाही. स्वयंपाकघरात बंदुका चालत नाहीत ना!

संध्याकाळी मोगऱ्याला पाणी घातलं आणि मावसबहिणीला फोन लावला. म्हटलं, “तेव्हा मी बोलायला हवं होतं गं.” ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, “आत्ता तरी विचारलंस!”

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी अशी बैठक भरली, तर चहा जरा उशिरा गेला तरी चालेल. आधी जिचा प्रश्न आहे, तिला बाहेर बोलवा.